आगगाडीप्रेमींचे अबोल मंडळ : एक अभ्यास

छंदमंडळ स्थापन करणे सोपे, ते बोलते ठेवणे अवघड. पहिल्या बैठकीला उत्साह असतो, दुसऱ्या बैठकीला निमित्ते असतात आणि तिसऱ्या बैठकीला सतरंजी गुंडाळणारेच तेवढे उरतात. आगगाडीची आवड असणाऱ्या आमच्या गावातील लहानशा मंडळाचे नेमके हेच होऊ लागले होते. असे मंडळ अबोल का होते आणि सभासदांना त्यात भाग घ्यावासा वाटावा म्हणून काय करता येते, याचा विचार दीड वर्षाच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आपल्या जिल्ह्याची आगगाडी

"आपल्या जिल्ह्यात आगगाडीचे असे काय आहे, की तिच्यासाठी मंडळ काढावे?" असे एका वर्गमैत्रिणीने मला विचारले होते. वास्तविक १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या भूमीने रुळांच्या तिन्ही रुंदी पाहिल्या आहेत.

पहिली रुंदी अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी 'शकुंतला' याच रुळांवरून धावे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावावा, हा हा मार्ग बांधण्यामागचा मुख्य हेतू. मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभ्या केलेल्या कंपनीचा होता. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, तरी या मार्गाची मालकी खासगीच राहिली. गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन येथे सत्तर वर्षे राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. पुढे डिझेल इंजिन आले आणि गेल्या दशकात गाडीच थांबली.

दुसरी रुंदी एक मीटरची. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला, खांडवा असा हा मार्ग. पूर्णा ते हिंगोली हा भाग निजामाच्या काळातला. हिंगोलीपासून वाशीममार्गे खांडव्यापर्यंतचा दुवा स्वातंत्र्यानंतर जोडला गेला. या दुव्यामुळे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील मीटरगेजचे जाळे एकमेकांना मिळाले. जयपूर आणि हैदराबाद यांमधली वाट वाशीमवरून जाऊ लागली. मीनाक्षी एक्सप्रेसचे नाव काढताच आजही येथील वृद्धांचे डोळे लकाकतात. जऊळका गावाच्या तर नावालाच 'रेल्वे' चिकटली आहे.

तिसरी रुंदी आजची, १६७६ मिलिमीटरची. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. मी तेव्हा पाळण्यातून नुकतीच उतरले होते. म्हणजे माझ्या पिढीला मीटरगेज ठाऊक होणार ते ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडूनच. ते बोलले नाहीत, तर आम्हाला ते कायमचे अज्ञात राहणार. मंडळाच्या मौनाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

बैठक आणि शांतता

आमच्या मंडळात पंधरा-सोळा जण. आम्ही पाच-सहा विद्यार्थी, दोन शिक्षक, एक घड्याळजी आणि उरलेले निवृत्त रेल्वे कामगार अथवा स्थानकाच्या आधाराने पोट भरलेली माणसे. महिन्यातून एका रविवारी बैठक. पहिल्या तीन बैठकांत मोजून चौघे बोलले आणि ते चौघेही आम्ही पुस्तके वाचलेले! बाकीचे चहा घेत, मान हलवीत आणि घरी जात.

त्यावर मी एक युक्ती काढली. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून चालकाला धातूचा एक गोळा देत. दोन्ही स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असत. एक गोळा बाहेर निघाला की तो परत जागेवर जाईपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा पिशवीत घालून मोठ्या कड्याला बांधत आणि धावत्या गाडीत झेलत. मी बांबूचे तसे कडे करून आणले. ते ज्याच्या हाती येईल त्याने पाच मिनिटे बोलावे, असा नियम केला. परिणाम असा झाला, की पुढच्या बैठकीला सहा माणसे कमी आली.

माझी चूक मला पुढे उमगली. गोळा गाडीला निघण्याची मुभा देतो. तो गाडीला मागून ढकलत नाही.

मौनाची कारणे

या अपयशानंतर मी गप्प बसणाऱ्यांचा विचार करू लागले. त्यासाठी दूर जावे लागले नाही. माझे आजोबा, आईचे वडील, मीटरगेजवर कीमन होते. कीमन म्हणजे आमच्याकडचा चाबीवाला. आपल्या वाट्याच्या रुळांवरून रोज चालत जाणे आणि सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकून बसवणे, हे त्याचे काम. "आजोबा, मीटरगेजविषयी काही सांगा," असे मी अनेकदा म्हटले होते. उत्तर ठरलेले असे : "मले काय समजते पोरी? सायबाले इचार. आमी तं निस्त्या चाब्या ठोकल्या."

या एका उत्तरात मला मौनाची पहिली दोन कारणे सापडली. पहिले असे, की आपल्याला जे येते त्याला 'माहिती' म्हणतात, हेच माणसाला ठाऊक नसते. माहिती म्हणजे साल, आकडे, इंजिनाचा वर्ग. ती साहेबाजवळ असते. दुसरे कारण भाषेचे. आमच्या बैठका पुस्तकी मराठीत चालत आणि आजोबांसारख्यांची भाषा वऱ्हाडी. मी महाविद्यालयात आले तेव्हा पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नव्हते. बोलता बोलता 'मले' निघेल आणि सारे हसतील ही धास्ती. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. ज्या भीतीने मी बाकावर गप्प बसले, तीच भीती मी सतरंजीवर बसलेल्यांना घालीत होते.

तिसरे कारण अधिक कटू आहे आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा. कारंजाला कापसाच्या गाठी चढवण्याचे काम केलेले एक वृद्ध गृहस्थ मंडळात येत. एकदा, कोणी न विचारता, ते शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाविषयी बोलू लागले. ते इंजिन कधी बंद झाले याचे साल त्यांनी चुकीचे सांगितले. मी तत्काळ म्हणाले, "नाही काका, १९९४." ते थांबले. "हो, तसंच असन," एवढे म्हणून खाली बसले आणि पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले, तर ते मुलाकडे परगावी कायमचे राहावयास गेले होते. १९९४ हे साल मला कोणत्याही पुस्तकात मिळाले असते. गाठी डब्यात कशा रचत, पावसात काय करीत, मजुरी कशी ठरे, हे मात्र त्यांच्याबरोबर गेले.

काय उपयोगी पडले

एका थंडीच्या रात्री मी आजोबांना वेगळा प्रश्न विचारला : "हिवाळ्यात तुमची माणसं रात्री रुळावरून कशाला फिरत?" ते एक तास बोलले. थंडीत लोखंड आकसते, रुळावर ताण येतो आणि तो तडकतो. म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त. उन्हाळ्यात लोखंड पसरते. सांध्यांतील फटी पुरल्या नाहीत तर रूळ वाकडा होतो. म्हणून तेव्हा भर दुपारची गस्त. तडकलेला रूळ दिसला, की गाडी येण्याच्या दिशेला धावत जाऊन रुळावर फटाके बांधायचे. चाकाखाली ते वाजले, की चालक गाडी थांबवतो. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस पदार्थविज्ञानाचा धडा देत होता आणि तरीही त्याचे म्हणणे, "मले काय समजते?"

तेव्हापासून मंडळात आम्ही काही पथ्ये पाळू लागलो. 'काही सांगा' असे मोघम न म्हणता एकच लहान प्रश्न विचारायचा, आणि तोही विचारण्याआधी चार दिवस कळवायचा. बैठक वऱ्हाडीत चालवायची. बोलणाऱ्याला मध्येच दुरुस्त करावयाचे नाही. साल तपासायचे असेल तर मागाहून, एकांतात. ज्याला बोलावयाचे नाही त्याला दुसरे काम द्यावयाचे. घड्याळजींनी आजवर चार वाक्येही उच्चारली नसतील, पण गोळ्याच्या यंत्राची आकृती त्यांनीच काढली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे कोणी सांगितले ते वहीत लिहून पुढच्या बैठकीत त्याच्या नावानिशी वाचून दाखवायचे. आपले बोलणे कागदावर उतरलेले ऐकले, की माणूस दुसऱ्या खेपेला आपण होऊन एखादी गोष्ट घेऊन येतो.

बाहेरचा दाखला

असे हौशी मंडळ किती मोठे काम करू शकते याचे उदाहरण वेल्समध्ये आहे. टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली, सव्वादोन फूट रुंदीच्या रुळांची लहानशी रेल्वे. १९५० साली तिचे मालक वारले आणि ती बंद पडणार असे दिसू लागले. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅमला सभा बोलावली. १९५१ पासून स्वयंसेवकांनी ती गाडी चालवली; अशा रीतीने वाचवलेली ती जगातील पहिली रेल्वे मानली जाते. तेथे सर्वांनी भाषणे केली नाहीत. कोणी गवत उपटले, कोणी तिकिटे विकली, कोणी इंजिन पुसले. प्रत्येकाला झेपेल एवढे काम होते, म्हणून माणसे टिकली. आपल्याकडे पुण्यात भाऊ जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचा आयुष्यभर जोपासलेला छंद १९९८ साली संग्रहालयाच्या रूपाने लोकांसमोर मांडला. एका माणसाचा छंद चारचौघांसाठी खुला झाला, की त्याचे सार्वजनिक धन होते.

समारोप

आमचे मंडळ फार बोलके झाले आहे असा दावा मी करणार नाही. अजूनही काही बैठकांत चहाच जास्त होतो. परंतु वहीची चौसष्ट पाने भरली आहेत आणि त्यांतील बहुतेक मजकूर अशा माणसांचा आहे, ज्यांनी पहिल्या तीन बैठकांत तोंड उघडले नव्हते. बांबूचे कडे आता भिंतीला टांगले आहे. नवा सभासद आला की त्याची गोष्ट आम्ही सांगतो आणि सारे हसतात, मीही हसते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गँगमन, पॉइंट्समन, हमाल, जिनिंगचे कामगार आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांना एक लहानसा प्रश्न विचारा. "मले काय समजते?" असे उत्तर आले, तर तेथून उठू नका, थोडे थांबा. आणि ते साल चुकले, तर माझ्यासारखी घाई करू नका.