पाण्याची वाटणी : एकरांवर कीं माणसांवर?

पावसाचा नेम राहिला नाहीं, अशी तक्रार आतां गांवोगांवीं ऐकूं येते. महिना महिना उघडीप पडावी आणि मग एकाच दिवसांत ओढे फुटावेत, असें वारंवार घडतें. पृथ्वीचें तपमान चढत असल्यामुळें हा प्रकार वाढेल, असें शास्त्रज्ञ सांगतात. त्यावर बांधबंदिस्ती, पाझर-तलाव, वृक्षारोपण हे उपाय वाचकांस ठाऊक आहेतच. परंतु अडविलेलें पाणी कोणाचें, हा प्रश्न मागें राहतो. त्याचा येथें विचार करूं.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. सातबाऱ्यावर जमीन, खातेदार व पीक यांची नोंद असते. ज्यास जमीन नाहीं, त्याचें तेथें नांव नाहीं. पाणी जमिनीच्या मागें गेलें, म्हणजे ओढ्याकांठचा मोठा खातेदार बागाईतदार होतो. आणि ज्या मजुरानें बांधाची माती वाहिली, तो कोरडाच राहतो.

यावर एक उपाय आपल्याच प्रांतांत करून पाहिलेला आहे. सन १९७२ च्या दुष्काळानंतर कै. विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर जमीन खंडानें घेऊन माती व पाणी अडविलें. त्यांतून ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचे मुख्य नियम असे :—

१. पाणी एकरांवर नव्हे, तर माणसांवर वांटावें. दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, व कुटुंबास फार तर अडीच एकरांचें.
२. पाण्याचा हक्क जमिनीस जोडलेला नसावा. जमीन विकली तरी हक्क तिच्याबरोबर जाऊं नये.
३. भूमिहीनांसहि वांटा असावा.
४. ऊंसासारखें फार पाणी पिणारें पीक घेऊं नये.
५. लाभधारकांनीं योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा स्वतः भरावा.

पांच माणसांच्या घरास वीस एकर असोत वा एक, पाण्याचा हक्क सारखाच. भूमिहीनास आपल्या वांट्याचें पाणी दुसऱ्याच्या कोरडवाहू शेतांत घालून बटाईनें पीक घेतां येतें.

“विहीर माझी, तर पाणीहि माझें,” असें मोठे खातेदार म्हणतील. परंतु विहिरींत येणारें पाणी गांवच्या डोंगरावर मुरलेलें असतें. त्या डोंगरावर चराईबंदी केली, कीं पहिली झळ शेळ्या पाळणाऱ्या गरिबास लागते. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं सन १९९० नंतर अशी बंदी झाली. मात्र डोंगरांतील गवत कापून नेण्याची मुभा ठेविली. तसेंच सिंचनासाठीं कूपनलिका घेण्यास गांवानेंच मनाई केली, म्हणजे पैसेवाल्यासहि नियम लागू झाला. ज्या कामाचा भार सर्वांवर, त्याच्या फळांतहि सर्वांचा वांटा असला, तरच तें काम टिकतें; एरव्हीं बांध फुटला तरी कोणी धांवून येत नाहीं.

म्हणून सभासदबंधूंस आमची विनंति अशी कीं, पाणलोटाच्या कामाचा आराखडा करण्यापूर्वीं दोन याद्या कराव्या. एक जमिनीची व दुसरी माणसांची. पाण्याची वाटणी दुसऱ्या यादीवरून करावी, आणि ती कुदळ मारण्यापूर्वींच लिहून ठेवावी. पाणी आल्यावर वाटणी ठरवूं म्हटल्यास ती कधींच ठरत नाहीं.