महामार्ग आखणाऱ्याची विद्या

आपल्या परिसराचा इतिहास हा मार्गांचाही इतिहास आहे. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आढळते. सम्राट अशोकाने मार्गांच्या कडेला वड लावले, विहिरी खोदल्या, असे त्याचा सातवा स्तंभलेख सांगतो. मार्ग हे लोककल्याणाचे साधन होय, हा विचार या भूमीत जुनाच आहे.

आधुनिक काळात त्याला नियोजनाची जोड मिळाली. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्तेविकास हा राष्ट्रीय प्रश्न मानला. तिच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांनी नागपूर येथे वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी त्यातूनच रूढ झाली.

या परंपरेत सेवेत आलेला अभियंता कार्यस्थळावरील मोजमापापासून आरंभ करतो आणि उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता अशा पायऱ्या चढतो. एका पिढीच्या सेवाकाळात २००२ चा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि आपल्या जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला.

या विद्येचे मर्म गणितात आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद गृहीत धरतात. पुढे गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ५० किलोमीटर वेगासाठी समोरचा ६० मीटर रस्ता दिसावा लागतो. १०० साठी १८० मीटर. वळणाचेही तसेच. सपाट प्रदेशात ५० च्या वेगाला किमान ९० मीटरची त्रिज्या पुरते. १०० ला ३६० मीटर लागते. वेग दुप्पट, त्रिज्या चौपट! घाटात डोंगर एवढी जागा देत नाही; म्हणून तेथे वेगमर्यादेचा फलक उभा राहतो. तो फलक म्हणजे कुणाचा तरी जीव वाचवणारे गणितच होय.

मात्र गणिताने सर्व प्रश्न सुटत नाहीत. नकाशावरील एक रेषा दोन शहरे जोडते, तीच रेषा शेतकऱ्याला त्याच्या शेतापासून आणि मुलाला त्याच्या शाळेपासून तोडू शकते. भुयारी मार्ग कोठे ठेवायचा, गावाबाहेरील वस्तीपर्यंत जोडरस्ता न्यायचा की नाही, हे ठरवताना अभियंत्याच्या विवेकाची कसोटी लागते.

आम्हा शिक्षकांना हेच महत्त्वाचे वाटते. वाडी-वस्तीवरून आलेल्या मुलांना पावसाळ्यात रस्ता नसणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या अनुभवाला भूमिती व भौतिकशास्त्राची जोड मिळाली, तर रेषा आखणाऱ्यांत आपलीही मुले असतील. आणि कोणती वस्ती रेषेबाहेर राहिली, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. पालकांनी मुलींनाही या वाटेवर निःशंक पाठवावे, अशी आमची विनंती आहे.