कमी लेखलेला खेळाडू अव्वलांना हरवू शकतो का? (वादविवादाची तयारी कशी करावी?)



जव्हार-मोखाड्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. एकदा धरला की मैदान, वाट, ओहोळ सगळं एकच होतं. अशाच एका दिवशी खेळाचा तास वर्गात घ्यावा लागला. मागच्या बाकावर तीन-चार मुलं मोबाइलवर पाहिलेल्या एका बॉक्सिंगच्या लढतीवरून भांडत होती. एक म्हणत होता, "तो ढेरपोट्या नाय जिंकायचा, गुरुजी. समोरचा बघा ना कसला आहे!" दुसरा म्हणत होता, "अरे, पण जिंकला ना तो!" पहिला ऐकायला तयार नव्हता. "एकदा जिंकला. नशीब होतं."

मी फळ्यावर विषय लिहिला : 'कमी लेखलेला हेवीवेट मुष्टियोद्धा अव्वल प्रतिस्पर्ध्यांना हरवू शकतो.' वर्गाचे दोन भाग केले. तास संपला तरी वाद संपला नाही. त्या वादातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यासाठी नीट मांडून ठेवतो आहे. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धेला उतरणाऱ्यांना ते उपयोगी पडेलच, पण इतरांनीही वाचावं. का, ते शेवटी कळेल.

१) आधी विषयाची फोड करा

बरेच जण विषय मिळाला की लगेच बोलायला लागतात. तसं करू नका. विषयातला एकेक शब्द हातात घेऊन तपासा.

'कमी लेखलेला' म्हणजे कमकुवत नव्हे. कमकुवत हा खेळाडूचा गुण झाला, तर कमी लेखणं हा बघणाऱ्याचा अंदाज झाला. मग विचारा : हा अंदाज कोणी केला? कशावरून केला? त्याच्या मागच्या लढती पाहून, की नुसतं पोट पाहून?

'अव्वल' म्हणजे कोण? आज पहिल्या क्रमांकावर असलेला, की ज्याच्या नावाचा दबदबा आहे तो? दोन्ही एकच असतील असं नाही.

'हरवू शकतो' आणि 'हरवेल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'शकतो' सिद्ध करायला एक खरं उदाहरण पुरतं. 'हरवेल' म्हणायचं तर दहा वेळा विचार करावा लागतो. अर्धे वाद या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळेच पेटतात. आमच्या वर्गातही तेच झालं होतं.

२) हेवीवेट गटाचं वेगळेपण

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या वर वजन असलेले खेळाडू हेवीवेट गटात येतात. वर मर्यादाच नाही. इतर गटांत दोघांची वजनं जवळजवळ सारखी असतात. इथे मात्र एक जण १०० किलोंचा, दुसरा १२० किलोंचा असू शकतो. म्हणून वजन आणि उंची बघून अंदाज बांधायचा मोह या गटात सगळ्यांत जास्त होतो.

पण याच गटात अंदाज चुकण्याची शक्यताही मोठी असते. एवढ्या वजनाच्या माणसाचा एक ठोसा नेमका हनुवटीवर बसला, तर आधीच्या नऊ फेऱ्यांचे गुण काही कामाचे राहत नाहीत. कबड्डीत वीस गुणांनी मागे पडलेला संघ एका चढाईत सामना जिंकत नाही. हेवीवेट लढत मात्र एका क्षणात फिरू शकते.

३) अनुकूल बाजूचे मुद्दे

(अ) बस्टर डग्लस. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माइक टायसनसमोर तो उभा राहिला. टायसन तोवर ३७ लढतींत अपराजित होता आणि त्यातल्या ३३ त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या. डग्लसवर पैज लावणाऱ्याला एकास बेचाळीस असा भाव मिळत होता, इतका तो हरणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. लढतीच्या काही आठवडे आधी त्याची आई वारली होती. आठव्या फेरीत टायसनने त्याला खाली पाडलं. तो उठला आणि दहाव्या फेरीत त्यानेच टायसनला झोपवलं.

(आ) अँडी रुईझ. आमच्या वर्गातला 'ढेरपोट्या' तो हाच. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने अँथनी जोशुआला हरवलं. खरं तर ही लढत त्याची नव्हतीच. आधी ठरलेला प्रतिस्पर्धी उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडकला म्हणून जेमतेम महिनाभर आधी रुईझला बोलावलं गेलं. तिसऱ्या फेरीत तो आधी स्वतः पडला, उठला, त्याच फेरीत जोशुआला दोनदा पाडलं आणि सातव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. बघणाऱ्यांनी त्याचं पोट पाहिलं होतं. त्याच्या हातांचा वेग कुणी मोजला नव्हता.

(इ) ओलेक्सांद्र उसिक. याला कमी लेखलं ते आकारावरून. खालच्या वजन गटातून तो वर आला होता. 'खऱ्या हेवीवेटसमोर हा टिकायचा नाही' असं म्हणणारे पुष्कळ होते. त्याने २०२१ साली जोशुआला हरवलं आणि मे २०२४ मध्ये आपल्याहून पंधरा किलोंपेक्षा जास्त वजनाच्या टायसन फ्युरीला हरवलं.

४) प्रतिकूल बाजूचे मुद्दे

आता दुसऱ्या बाजूलाही तेवढाच न्याय द्या. आपल्याला न पटणारी बाजू जो नीट मांडू शकतो, तोच चांगला वक्ता.

(अ) टिकणं अवघड असतं. टायसनला हरवणारा डग्लस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इव्हँडर होलीफील्डकडून तिसऱ्याच फेरीत हरला. तोवर त्याचं वजन साडेसहा किलोंनी वाढलेलं होतं. रुईझही सहा महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये जोशुआशी पुन्हा खेळला तेव्हा वजन वाढवूनच आला आणि गुणांवर हरला. एकदा हरवणं वेगळं आणि अव्वल होऊन राहणं वेगळं.

(आ) हिंमत असली तरी अंतर असतंच. आपला सतीश कुमार घ्या. सुपर हेवीवेट गटात ऑलिंपिकला पोहोचलेला तो पहिला भारतीय मुष्टियोद्धा. टोकियोत जमैकाच्या रिकार्डो ब्राउनला त्याने हरवलं, पण त्या लढतीत चेहऱ्यावर जखमा झाल्या, तेरा टाके पडले. तशाही अवस्थेत तो उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोव्हसमोर उतरला आणि ०-५ असा हरला. जलोलोव्हने पुढे सुवर्णपदक जिंकलं. सतीशच्या हिमतीबद्दल दुमत नाही. पण हिंमत म्हणजे विजय नव्हे, हेही खरं.

(इ) हरलेल्यांची नावं कुणी सांगत नाही. हा सगळ्यांत जड मुद्दा. आपण डग्लसचं उदाहरण देतो, कारण तो जिंकला. त्याच्या आधी टायसनसमोर ३७ जण उतरले, त्यांतली किती नावं तुम्हाला येतात? फक्त जिंकलेल्यांची उदाहरणं मोजून 'असं होतंच' म्हणणं म्हणजे झाडावर राहिलेले आंबे मोजून वादळ आलंच नाही म्हणण्यासारखं आहे.

५) आपल्या मातीतला पुरावा : खाशाबा जाधव

परदेशातली उदाहरणं झाली. आता महाराष्ट्राकडे या. इथे हेवीवेट बॉक्सरपेक्षा पैलवान जवळचा. आणि कमी लेखलेल्या पैलवानाचं नाव घ्यायचं तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांचं घ्यावं लागतं. जन्म १५ जानेवारी १९२६. उंची बेताची, शरीर आटोपशीर. ते हेवीवेट मुळीच नव्हते. पण आपला प्रश्न वजनाचा नसून अंदाजाचा आहे, हे विसरू नका.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती. नियमही वेगळे होते. कुणी म्हणालं असतं, 'झालं, एवढीच याची धाव.' खाशाबांनी मात्र त्यातून काय कमी पडलं ते शिकून घेतलं आणि पुढची चार वर्षं सराव वाढवला. मान धरून समोरच्याला फेकणारा 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या आधी त्यांची खरी कुस्ती झाली ती निवडीशी. एका गुणाच्या फरकाने त्यांना वगळण्यात आलं. हा अन्याय आहे म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं. निवड झाली, तर पैसे नाहीत. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. मित्रांनो, शिक्षकाने घर गहाण ठेवलं, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंत, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. इशीने सुवर्ण, मामेदबेकोव्हने रौप्य जिंकलं. या दमवणाऱ्या कुस्त्यांच्या मध्ये हक्काची विश्रांतीही खाशाबांना मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने बोलायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. खाशाबांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे ४४ वर्षं लागली.

गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचे पैसे फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात रुजू झाले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. आज दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

आता सांगा, हे उदाहरण कोणत्या बाजूचं? अनुकूल बाजू म्हणेल, वगळलेला माणूस पदक घेऊन आला. प्रतिकूल बाजू म्हणेल, जगातल्या पहिल्या दोघांसमोर तो हरलाच. दोन्ही खरं आहे. म्हणूनच ते चांगलं उदाहरण आहे.

६) मुळातला प्रश्न

या सगळ्या गोष्टींत एक समान धागा सापडतो का बघा. रुईझला संधी मिळाली ती दुसरा बाद झाला म्हणून. खाशाबांना मिळाली ती भांडून मिळवली म्हणून. म्हणजे 'तो जिंकेल का?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'त्याला रिंगणात उतरू दिलं का?' कमी लेखणं हे नुसतं मत असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण बहुतेक वेळा अंदाज करणाऱ्याच्याच हातात निवडीचा कागदही असतो.

हे मी कुणा दुसऱ्याबद्दल बोलत नाही. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी मुलं निवडायची होती. एका पाड्यावरचा मुलगा, अंगाने काडी, पायात चप्पलही नाही. मी त्याला धावायला न लावताच बाजूला काढलं आणि अंगापिंडाने भरलेल्या, बूट असलेल्या मुलाचं नाव पाठवलं. आठवड्याने सरावात दोघं सहज एकत्र धावले. काडीसारखा मुलगा बराच पुढे गेला. नावं पाठवून झाली होती. "आता पुढच्या वर्षी," मी म्हणालो. तो नुसता हसला. दिवाळीनंतर घरची माणसं वीटभट्टीवर कामाला गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. पुढचं वर्ष त्याच्यासाठी आलंच नाही.

आपल्या शेजारी, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळचं सावरपाडा काही फार लांब नाही. तिथली कविता राऊत अशाच डोंगरवाटांवर धावत मोठी झाली. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं. तिला कुणीतरी वेळेवर धावू दिलं. माझ्या विद्यार्थ्याला मी दिलं नाही. तो जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. ते मला कधीच कळणार नाही, आणि बोचतं ते हेच.

७) समारोप कसा करावा?

दोन्ही बाजू तोलून असं म्हणता येईल : कमी लेखलेला खेळाडू अव्वलाला हरवू शकतो, पण तीन अटींवर. त्याच्याकडे इतरांना न दिसलेलं खरं कौशल्य हवं, संधी आली त्या दिवशी तयारी पुरी हवी आणि जिंकल्यानंतरही ती तयारी सुटता कामा नये. यातली एकही अट नशिबावर सोडू नका. आणि निवड करणाऱ्यांसाठी एकच अट : आधी धावू द्या, मग ठरवा.

त्यानंतर आमच्या शाळेत एक रीत सुरू केली आहे. ज्याला नाव द्यायचं असेल त्याने द्यावं, सगळ्यांना धावायला मिळतं. वेळ जातो, घड्याळ घेऊन उभं राहून पाय दुखतात. दुखू देत.

स्वाध्याय

१. 'हरवू शकतो' आणि 'हरवेल' यांतला फरक स्वतःच्या उदाहरणाने चार ओळींत स्पष्ट करा.
२. खाशाबा जाधवांचं उदाहरण आधी अनुकूल आणि मग प्रतिकूल बाजूने, प्रत्येकी दोन मिनिटं बोलून दाखवा.
३. 'फक्त जिंकलेल्यांची उदाहरणं घेतली की निष्कर्ष चुकतो.' हे शेती, परीक्षा किंवा खेळ यांपैकी एका उदाहरणाने पटवून द्या.
४. तुमच्या पाड्यावर किंवा वर्गात कुणाला नुसतं बघून कमी लेखलं जातं का? त्याला संधी मिळावी म्हणून तुम्ही काय कराल? दहा ओळी लिहा. नाव लिहू नका.