पंचेचाळीस दिवसांची उधारी

मालेगावात आम्ही कापड व्यापारी व यंत्रमाग कारखानदार एकत्र बसलो, ते उधारीच्या प्रश्नावर. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकवावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने हे आयकराशी जोडले. २०२३-२४ च्या हिशेबापासून, मुदत उलटूनही ३१ मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरत नाहीत, दिल्यावरच धरतात. आपला बाजार तर जबानी वायद्यावर, दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर चालतो! शिवाय व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी बँकेच्या कर्जापुरतीच, म्हणून आपल्या वसुलीला हा आधार नाही. तेव्हा माल उचलण्यापूर्वी कारखानदाराचा उद्यम क्रमांक विचारावा आणि ४५ दिवसांचा करार कागदावर घ्यावा.