न दुखणारा फोड

गुप्तांगावर एखादा फोड येतो. कडक असतो, पण दुखत नाही, म्हणून बरेच जण तो अंगावर काढतात. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरतोही. पण सिफिलिस, म्हणजे आपली जुनी गरमी, रक्तात तशीच राहते, आणि फोड उघडा होता तेवढे दिवस एचआयव्हीलाही वाट मोकळी असते. जखमेपाशी शरीर ज्या पांढऱ्या पेशी गोळा करतं, नेमक्या त्यांच्यातच हा विषाणू शिरतो. ज्याला एचआयव्ही आधीच आहे आणि औषध सुरू नाही, त्याला परमा (गनोरिया) झाला तर वीर्यातले विषाणू वाढतात. थोडक्यात, धोका दोन्हीकडून वाढतो, लागण होणाऱ्याकडूनही आणि देणाऱ्याकडूनही.

तेव्हा पहिलं काम, बघणं. लघवीला जळजळ, पू, फोड किंवा पुरळ, जांघेत अवधाण (गाठ), अंगावरून वास येणारं पाणी, ओटीपोटात दुखणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. बायकांना बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून नवऱ्याला त्रास झाला की बायकोचीही तपासणी हवी. जखमेला मलम लावू नका, डेटॉलने धुऊ नका. मेडिकलवाल्याकडून ‘दोन स्ट्राँग गोळ्या’ तर मुळीच नकोत. अर्धवट डोसाने लक्षण दबतं, आजार राहतो, आणि पुढे डॉक्टरांनाही नीट अंदाज येत नाही.

संबंधाला 72 तास झाले नसतील तर फोड-पुवाची वाट न बघता आधी हॉस्पिटल गाठा. धोका खरा आहे असं डॉक्टरांना वाटलं तर 28 दिवसांच्या एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या देतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत.

जायचं कुठे? हातकणंगले तालुक्यातल्या माणसाला इचलकरंजीचं आयजीएम आणि कोल्हापूरचं सीपीआर, ही दोन्ही सरकारी हॉस्पिटलं हाताशी आहेत. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर हातकणंगले स्टेशनवरून गाडीने मिरजेला जा, तिथेही सरकारी हॉस्पिटल आहे. लाज सांभाळूनही उपचार घेता येतात. नुसती लाज सांभाळली तर मात्र आजार वाढतो. कुठे जावं सुचत नसेल तर 1097 हा मोफत फोन आहे.

केसपेपर काढताना ‘त्वचा व गुप्तरोग’ एवढंच सांगा. डॉक्टरांपुढे मात्र शेवटचा संबंध कधी, कंडोम होता का, कुठली गोळी घेतली, पेनिसिलिन सोसतं का, गरोदरपण आहे का, हे सगळं बोला. सरकारी दवाखान्यात लक्षणानुसार औषधांची रंगीत खोकी मिळतात: पू येत असेल तर करडं, न दुखणाऱ्या फोडाला पांढरं. पांढऱ्यात अझिथ्रोमायसिनच्या गोळीसोबत बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. ते दाट असतं, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं देतात आणि चांगलं दुखतं. आधी थोडंसं टोचून ॲलर्जी बघतात. पेनिसिलिन न सोसणाऱ्यांसाठी निळं खोकं वेगळं. रंग ओळखून शेजाऱ्याचं खोकं आणून खाऊ नका.

त्याच दिवशी एचआयव्ही आणि सिफिलिस, दोन्हींची रक्ततपासणी मागा. आधी समुपदेशक बोलतात. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या कायद्याने तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. एचआयव्ही पॉझिटिव्ह असं सांगण्याआधी वेगवेगळ्या तीन चाचण्या करतात. आज निगेटिव्ह आला तर तो आजपुरता धरा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण अलीकडची लागण इतक्यात कळेलच असं नाही.

खरी अडचण जोडीदाराची. एकट्याने गोळ्या घेतल्या तर आजार घरातल्या घरात फिरत राहतो. दोघांनी एकाच वेळी औषध घ्या, पुरं होईपर्यंत आणि पुढे सात दिवस संबंध नको, फोड असेल तर तो भरेपर्यंत नको. नंतर कंडोम. सांगायला जमत नसेल तर समुपदेशकासमोर दोघांनी बसा. ते भांडण मिटवणार नाहीत, पण औषधाचं बोलणं पुढे सरकतं.

गुप्तरोगाच्या उपचाराने एचआयव्ही टळतो का? टांझानियातल्या म्वांझा भागात दवाखाने सुधारून रुग्णांवर नीट उपचार केले, तेव्हा नव्या लागणी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचं 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. युगांडातल्या राकाईत मात्र सरसकट सगळ्यांना गोळ्या वाटून तसा फरक दिसला नाही. म्हणून गुप्तरोगाचा उपचार नक्की घ्या, पण त्याच्या भरवशावर कंडोम सोडू नका.

एचआयव्हीचा निकाल पॉझिटिव्ह आला तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधयोजना, लगेच सुरू होते. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते, सीपीआरमध्ये असं केंद्र आहे. रोज गोळी घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गुप्तरोगाची तपासणी मात्र त्यानंतरही चालू ठेवायची, कारण त्या गोळ्या सिफिलिसला किंवा परम्याला रोखत नाहीत.