उसात अजगर निघाला तर

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे ऊसतोड शेवटच्या पट्ट्यात आली की फडात दडलेलं सगळं तिथंच गोळा झालेलं असतं. रानडुक्कर, बिबट्याची पिल्लं, एखादवेळी अजगर. आठ-दहा फुटांचं धूड दिसलं की दोन आवाज उठतात: ‘मारा’ आणि ‘धरा, पाळू’. मोबाइल आल्यापासून दुसरा आवाज जास्त. दोन्ही गुन्हेच. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडून जवळ ठेवलं तर किमान तीन वर्षं कैद, वर किमान 25 हजार दंड. ‘एका रात्रीपुरता ड्रममध्ये ठेवला’ ही सबब चालत नाही.

पहिलं काम, कोयते थांबवा. पोरं आणि कुत्री मागे घ्या.

दुसरं, तो अजगर आहे असं गृहीत धरू नका. आपल्याकडे माणसं फसतात ती इथंच. अजगराचं पिल्लू, घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस हे तिघे घाईत सारखेच दिसतात. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांचे लांबट गोल ठिपके साखळीसारखे तीन रांगांत असतात आणि डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. अजगराचे पट्टे मोठे, वेडेवाकडे. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. पण ही पारख लांबूनच. शंका असेल तर घोणस समजूनच वागा.

मग 1926 वर फोन करा. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन. गाव, गट नंबर, डांबरी रस्त्यापासून कुठं वळायचं, अंदाजे लांबी, शेवटचा कुठं दिसला हे सांगा. गाडी येईपर्यंत एकाच माणसाला पंधरा-वीस फुटांवरून नजर ठेवायला बसवा. बाकीच्यांचा गराडा हटवा, कारण अजगर चिडतो तो गराड्यालाच. तो आधी गुंडाळी करतो, मोठ्यानं फुसकारतो. तरी कोणी शेपटी ओढली तर झेप घेतो. त्याच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता कळते, त्यामुळे अंधारातही त्याचा नेम चुकत नाही. पोट फुगलेलं असेल तर अजिबात डिवचू नका. घाबरला की खाल्लेलं ओकून टाकतो आणि त्याचं आठवड्यांचं अन्न वाया जातं.

चावलाच तर हात मागे हिसकू नका. दात आत वळलेले असतात. हिसक्यानं मांस फाटतं, दात जखमेत तुटतात. डोकं धरून किंचित पुढे, त्याच्याच तोंडाच्या दिशेनं ढकला आणि सोडवा. गुंडाळलं असेल तर दुसऱ्यानं शेपटीकडून वेटोळं उलगडावं. जखम साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. अजगराला विष नाही, पण चावलेला साप अजगरच होता याची खात्री नसेल तर थेट सरकारी रुग्णालय गाठा.

द्राक्षबागेच्या पक्षीजाळीत अडकला असेल तर तो धडपडेल तसा नायलॉन रुततो. ओढू नका. सावली करा आणि कापण्याचं काम येणाऱ्यांवर सोडा.

मार्च ते जून या काळात मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली असू शकते. ती अंग थरथरवून त्यांना ऊब देते. तिला हलवलं तर अंडी जातात. तेवढा कोपरा सोडून तोडणी करा. 2022 मध्ये केरळात कासारगोडला अजगराच्या 24 अंड्यांसाठी राष्ट्रीय महामार्गाच्या एका टप्प्याचं काम 54 दिवस थांबवलं होतं. आपला फडाचा कोपरा त्यापुढं काहीच नाही.

आणि ज्याला पाळायचाच आहे त्यानं दुकानदाराच्या ‘परदेशी आहे’ या शब्दावर जाऊ नये. बर्मी अजगर ईशान्य भारतातला, जाळीदार अजगर निकोबारचा. दोघांनाही आपल्या कायद्याचं संरक्षण आहे. खरोखर परदेशी असलेल्या जातींचीही 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. मोठा अजगर चिडका निघाला तर घरात एकट्यानं त्याला हाताळणं जिवावर बेतू शकतं, हे वेगळंच.

फडात निघालेला अजगर न्यायला माणसं आली की सर्पमित्राचं वनविभागाचं ओळखपत्र पाहा, पंचनाम्यावर सही करा, सोडणार कुठं ते विचारा आणि जवळच्याच जंगलाचा आग्रह धरा. ‘दोन दिवस माझ्याकडं राहू द्या, शाळेत दाखवतो’ असं तो म्हणाला, तर त्याच्यासमोरच पुन्हा 1926 लावा.