केबिन नको, शॉप माग

चि. मुक्तास,


शेवटच्या वर्षाची सहा महिन्यांची इंटर्नशिप चाकणला मिळाल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. डिझाइन विभागात बसवा अशी विनंती करणार आहेस, हेही कळलं. म्हणून हे पत्र.

ती विनंती करू नकोस. मशीन शॉप माग, नाहीतर क्वालिटी. थ्रीडी मॉडेलं तू कॉलेजात करतेसच, आणि एसी केबिनमध्ये इंटर्नच्या वाट्याला बहुतेकदा दुसऱ्यांची प्रेझेंटेशनं सजवण्याचं काम येतं.

शॉपवर काय मिळतं ते सांगतो. ड्रॉइंगवर 100 एच7 बोअर असतं. परीक्षेत तू तक्ता बघून टॉलरन्स 35 मायक्रॉन लिहितेस, गुण घेतेस. शॉपवर मुरलेला ऑपरेटर जॉब काढल्याकाढल्या बोअर गेज लावत नाही, बाजूला निवू देतो. कारण मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. 100 मिलिमीटर पोलाद 10 अंशांनी तापलं की साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. म्हणजे टॉलरन्सचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेनं खाल्ला! गरम असताना काठावर पास झालेलं बोअर थंड झाल्यावर अंडरसाइझ निघू शकतं. प्रसरणाचं सूत्र तुला अकरावीपासून पाठ आहे; त्याच्यापायी जॉब रिजेक्ट होतो, हे मात्र तिथेच दिसेल.

त्या ऑपरेटरला ‘अहो’ म्हण. आयटीआय करून पंधरा-वीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस नुसत्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेलं म्हणून सांगतो. त्याला विचारायला लाजू नकोस, फक्त तो सेटिंग करत असताना विचारू नकोस.

प्रोजेक्टला ‘उत्पादकता वाढवणे’ असला भलामोठा विषय घेऊ नकोस. एकच पार्ट घे. रिजेक्ट झालेले त्याचे जॉब लाल बिनमध्ये पडतात, ते स्वतः मोज. कोणत्या मशीनचे, कोणत्या शिफ्टचे, इन्सर्ट बदलण्याआधीचे की नंतरचे, हे रोज वहीत लिही. रिपोर्टचं निम्मं काम तिथेच होतं. बाकीचं गाइड सांगतील तसं कर, त्यात फारसं काही नसतं.

एका बाबतीत मात्र हयगय नको. लेथवर, ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. फिरता जॉब मोज्यासकट हात ओढून घेतो. ओढणी, कडं, अंगठी घरी. केस घट्ट बांधून टोपीत. आणखी एक: वॉशरूम शॉपपासून किती लांब आहे, तुझ्या शिफ्टची बस कधी सुटते, हे एचआरला पहिल्याच दिवशी स्पष्ट विचार.

पंधरवड्यानं मला फोन कर. ड्रॉइंगचा फोटो पाठवू नकोस, कंपनीचे कागद बाहेर द्यायचे नसतात. लाल बिनमध्ये काय सापडलं, तेवढं सांग.

तुझा,
मामा